मीटर बदला, पण गाडीचं खरं रनिंग जपा

गाडीचं मीटर बदलायचं काम दोन भागांत होतं. पहिला भाग क्लिपा, स्क्रू आणि कपलरचा (वायरी जोडणाऱ्या प्लगचा). हाताला सवय असेल तर तो तासाभरात उरकतो. दुसरा भाग किलोमीटरच्या आकड्याचा, आणि तिथे घाई केली की गाडीचा सगळा हिशेबच चुकतो. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, गिअरबॉक्सचं ऑइल कधी, वॉरंटी उरली आहे का, गाडी विकताना समोरच्याला काय सांगायचं, हे सगळं त्या एका आकड्यावर चालतं. मीटर हा सुटा भाग आहे. त्यावरचा आकडा मात्र गाडीचा आहे. म्हणून इथे भर आकड्यावर दिला आहे आणि खोलाखोलीचं तेवढ्यास तेवढं सांगितलं आहे.

आधी खात्री करा: मीटरच बिघडलंय का?

कितीतरी मीटर विनाकारण बदलली जातात. एकच काटा बंद असेल तर संशय आधी त्या काट्याला माहिती पुरवणाऱ्या सेन्सरवर घ्यावा. इंधनाचा काटा पडला असेल तर टाकीतला फ्लोट, तापमानाचा पडला असेल तर इंजिनवरचा सेन्सर. सगळंच एकदम मेलं असेल तर फ्यूज, अर्थिंग आणि मीटरमागचा कपलर, याच क्रमाने पाहा. वेगाचा काटा आणि किलोमीटर दोन्ही एकाच वेळी थांबले तर केबल तुटलेली असते किंवा वेगाचा सेन्सर गेलेला असतो. काटा हलतो पण जुन्या पद्धतीच्या मीटरमधल्या छोट्या चाकांवरचे आकडे पुढे सरकत नाहीत, असं असेल तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात गेलेला असतो. तो गिअर वेगळा मिळत असेल तर अख्खं मीटर बदलायचं काहीच कारण नाही.

गाडीतल्या संगणकांची माहिती वाचणारा स्कॅनर हाताशी असेल तर निदान फार सोपं होतं. गाडी चालवत लाइव्ह डेटा पाहा. इंजिनच्या कंट्रोल युनिटला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वेग दिसतोय आणि मीटरला दिसत नाही, तर दोष मीटरमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये. 'यू०१५५' हा कोड आला तर बाकीच्या युनिटांचा मीटरशी संपर्क तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. मीटर मेलंय असं तो कोड सांगत नाही. सगळी युनिटं ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन वायरींमध्ये, बॅटरी सोडवून, मल्टिमीटरवर साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. काही गाड्यांत त्यातला एक मीटरच्याच आत असतो. त्यामुळे मीटर काढून ठेवल्यावर १२० आले तर लगेच वायर तुटली असं समजू नका.

आणखी एक नेहमीचा आजार म्हणजे ड्राय सोल्डर, म्हणजे बोर्डवरचा सुटत आलेला सोल्डरचा जोड. थंड असताना मीटर बंद, गाडी तापली की चालू, डॅशबोर्डवर हलका हात मारला की चालू. हा दोष कुशल हाताला अर्ध्या तासात दुरुस्त होतो आणि आकड्याला धक्काही लागत नाही. काटे अडकत किंवा उलटसुलट फिरत असतील तर मागच्या छोट्या स्टेपर मोटरी बदलता येतात. माझं ठाम मत आहे की दुरुस्त होणारं मीटर दुरुस्तच करावं. आकडा जपायचा याहून सुरक्षित मार्ग नाही.

आकडा नेमका कुठे राहतो

हे कळल्याशिवाय पुढची कुठलीही पायरी घेऊ नये. केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये आकडा चाकांवरच असतो: केबल फिरते, वर्म गिअर फिरतो, शेवटचं चाक एक फेरी पूर्ण करतं आणि शेजारच्याला एक घर पुढे ढकलतं. दुसरीकडे कुठेही नोंद नाही. मीटर गेलं की आकडा गेला.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये तो बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. ९३सी४६, ९३सी६६, २४सी०२, २४सी०४ अशा मालिकांतल्या चिपा जुन्या मीटरांत सर्रास दिसतात. नव्यांत बऱ्याचदा मुख्य मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच मेमरी असते. या मेमरीला वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी काढली तरी आकडा जात नाही. मात्र तिचं प्रत्येक घर ठरावीक वेळाच लिहिता येतं, लाख ते दहा लाख वेळा. दर किलोमीटरला एकाच घरात लिहीत बसलं तर ते घर झिजेल, म्हणून आकडा अनेक घरांत आळीपाळीने, सांकेतिक रूपात आणि पडताळणीच्या बेरजेसह लिहिलेला असतो. 'चिप काढून दोन आकडे बदलले की झालं' असं सांगणाऱ्याच्या हातात मीटर देऊ नये, ते यामुळे.

अलीकडच्या गाड्यांत हाच आकडा आणखी दोन-चार ठिकाणी उमटलेला असतो: बॉडी कंट्रोल युनिट, इंजिनचं युनिट, एबीएस (ब्रेकचं युनिट), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, काही कंपन्यांच्या तर चावीतसुद्धा. आकडे जुळले नाहीत तर काही गाड्या मीटरवर ठिपका किंवा रेघा दाखवतात, काही इंजिनच सुरू होऊ देत नाहीत.

काही गाड्यांत मीटर आणि दुसऱ्या युनिटमधल्या आकड्यांपैकी जो मोठा तो खरा धरला जातो. मित्राच्या गाडीचं मीटर 'नुसतं लावून बघू' म्हणून जोडलं, चावी फिरवली, आणि त्याचा मोठा आकडा तुमच्या गाडीच्या युनिटमध्ये कायमचा लिहिला गेला, असं होऊ शकतं. मग स्वतःचं मीटर परत लावून उपयोग नाही. तुमच्या मॉडेलमध्ये असं होत नाही, हे पक्कं माहीत असल्याशिवाय दुसरं मीटर जोडून चावी फिरवू नका.

उघडण्याआधीची नोंद

चावी चालू करून मीटरचा स्वच्छ फोटो काढा. आकडा, पेटलेले दिवे आणि काटे त्यात दिसले पाहिजेत. दुसरा फोटो चासी नंबरचा. शक्य असेल तर दोन्ही एका छोट्या व्हिडिओत एकापाठोपाठ घ्या, म्हणजे हा आकडा याच गाडीचा, याबद्दल पुढे वाद राहत नाही. स्कॅनरने बाकीच्या युनिटांतला आकडा वाचता येत असेल तर तोही उतरवून घ्या. पुढची सर्व्हिस किती किलोमीटरवर दाखवतेय तेही लिहा, कारण नव्या मीटरमध्ये ते पुन्हा भरावं लागतं.

डिस्प्ले पूर्ण काळा असेल तर काय करायचं? पहिला प्रयत्न स्कॅनरचा. डिस्प्ले मेला तरी आतलं सर्किट जिवंत असू शकतं आणि आकडा स्कॅनरवर येतो. दुसरा प्रयत्न म्हणजे चिपमधला मजकूर जाणकाराकडून वाचून घेणं. तेही जमलं नाही तर कागदांकडे वळा: सर्व्हिसची बिलं, टायरचं बिल, विम्याची तपासणी, फिटनेसची नोंद, जिथे जिथे तारखेसह किलोमीटर लिहिले असतील ते सगळं.

त्यावरून अंदाज बांधायची रीत सोपी आहे. समजा, एका बिलावर ७६,७०० आणि त्यानंतर १० महिन्यांनी झालेल्या सर्व्हिसच्या बिलावर ८४,२०० लिहिले आहेत. म्हणजे ७,५०० किलोमीटर, महिन्याला ७५०. शेवटच्या बिलाला ४ महिने झाले असतील तर त्यात ३,००० मिळवा; आज साधारण ८७,२००. मधल्या काळात लांबचा प्रवास झाला असेल तर तो वेगळा धरा. मीटर बंद असतानाही गाडी चालली असेल, तर तेवढे दिवसही यात आलेच पाहिजेत. बंद पडल्याच्या क्षणाचा आकडा हा आजचा आकडा नव्हे. आणि हा आकडा जिथे लिहाल तिथे 'अंदाजे' हा शब्द ठळक लिहा. अंदाज लपवला की तो खोटेपणा होतो.

नवं, जुनं, की तुमचंच मीटर

दुरुस्तीला पाठवून तेच मीटर परत बसवणं सर्वांत उत्तम, हे वर सांगितलंच. ते जमत नसेल तर कंपनीचं नवं मीटर. ते शून्यावर येतं, आणि बऱ्याच कंपन्या त्यात खरा आकडा भरायची सोय देतात, पण अटींसह: एकदाच भरता येईल, फक्त वरच्या दिशेने भरता येईल, किंवा गाडी थोडी चालेपर्यंतच भरता येईल. म्हणून नवं मीटर बसवून 'आकड्याचं पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत गाडी चालवू नये. ती मुदत हातातून जाऊ शकते.

दुसऱ्या गाडीचं वापरलेलं मीटर घ्यायचं असेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष जुळणं पुरेसं नाही. मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. पेट्रोल आणि डिझेलच्या टॅकोमीटरची (इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याची) लाल रेघ वेगळ्या जागी असते, ऑटोमॅटिकमध्ये गिअर दाखवायची चौकट असते, टाकीच्या सेन्सरचं गणित वेगळं असू शकतं. मैलांचं मीटर आलं तर १ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर हा हिशेब कायमचा मागे लागतो. शक्यतो तुमच्या गाडीपेक्षा कमी चाललेलं मीटर घ्या. कमीवरून वर जायला अधिकृत मार्ग सापडण्याची शक्यता असते. जास्त चाललेल्या मीटरचा आकडा खाली आणायची सोय कंपनीची साधनं सहसा देत नाहीत.

विकत घेण्याआधी इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, चौकशी करा. काही गाड्यांत चावी ओळखणारा मेंदू मीटरमध्येच असतो. अशा गाडीला दुसऱ्या गाडीचं मीटर लावलं तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. नवं मीटर जोडायलाही सुरक्षा कोड आणि सगळ्या चाव्या एकाच वेळी समोर लागतात. घरी ठेवलेली दुसरी चावी विसरलात तर ती निकामी राहील.

काढणं आणि बसवणं

खिडक्या उघड्या, चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलेलं. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. स्टीअरिंग व्हील काढावं लागत असेल तर एअरबॅगचा प्रश्न येतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय पिवळ्या कपलरला हात लावू नका, आणि ते काम आधी केलेलं नसेल तर जाणकाराकडे द्या.

स्टीअरिंग पूर्ण खाली घ्या, कॉलमवर जाड कापड टाका. मीटरभोवतीचं कव्हर प्लॅस्टिकच्या पातीने उचकटा. स्क्रू ड्रायव्हरने केलं तर ओरखडा कायमचा राहतो. स्क्रू बहुधा दोन ते चारच असतात, पण लांबी वेगवेगळी असते. ज्याचा त्याच्या जागी जाईल असे मांडून ठेवा. मीटर थोडं पुढे ओढा, मागे हात घाला, कपलरचं लॉक दाबून मगच ओढा. केबल असेल तर तिचं लॉक दाबा किंवा नट फिरवा. मोटारसायकलवर हेच काम बहुधा हेडलाइट पुढे काढून करावं लागतं.

अंगावरची स्थिर वीज चिपला मारू शकते, म्हणून बोर्डला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा आणि बोर्ड कडेने धरा. काट्यांना बोट लावू नका. काही जुन्या मीटरांत काटा स्थिर ठेवायला सिलिकॉन तेल असतं, ती मीटरं पालथी ठेवली की तेल डायलवर उतरतं. उभीच ठेवा.

आकडा बसवणं

चाकांच्या मीटरमध्ये दोन मार्ग आहेत. जुन्याची चाकं शाबूत असतील तर ओडोमीटरचा (किलोमीटर मोजणाऱ्या भागाचा) अख्खा संच काढून नव्यात बसवा. तसं होत नसेल तर घड्याळजीच्या सफाईने दांडा मोकळा करून चाकं एकेक करून खऱ्या आकड्यावर जुळवावी लागतात. सगळे आकडे एका रेषेत येत नाहीत तोवर बंद करू नका. एखादं चाक अर्धवट राहिलं तर पुढच्या हजाराला अडकतं.

केबलच्या मीटरचं गुणोत्तरही पाहावं लागतं. जपानी मानकाच्या मीटरला ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला ६३७ फेऱ्या लागतात, म्हणजे किलोमीटरला ६३७. अमेरिकी पद्धतीच्या मीटरला मैलाला १,००० फेऱ्या, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. पहिल्याच्या जागी दुसरं बसवलं तर दिसायला सगळं ठीक, पण अंतर कायम अडीच टक्के जास्त मोजलं जाईल. दर लाख किलोमीटरला अडीच हजारांची चूक.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये दोन्ही मीटरांचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर तंतोतंत एक असेल तर जुन्याची मेमरी चिप नव्यात बसवता येते. आकड्याबरोबर इमोबिलायझरची माहितीही त्यातून येते, हा मोठा फायदा. चिप काढण्याआधी तिचा मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइली सारख्या आहेत ना ते तपासा, आणि ती फाइल जपून ठेवा. नंबर जुळत नसेल तर हा प्रयोग करू नका.

स्कॅनरने भरायचं असेल तर बॅटरीला चार्जर किंवा स्थिर वीज देणारा सपोर्ट लावा. लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर मीटर कायमचं मरू शकतं. क्रम बहुधा असा: चासी नंबर, गाडीच्या प्रकाराचं कोडिंग, इमोबिलायझर आणि चाव्या, मग किलोमीटर, शेवटी सर्व्हिसची मुदत. क्रम कंपनीप्रमाणे बदलतो. मॅन्युअल सांगेल तोच पाळा. आकडा एकदाच भरता येणार असेल तर एंटर दाबण्याआधी दुसऱ्या माणसाकडून फोटोतला आकडा मोठ्याने वाचून घ्या. एकक किलोमीटर आहे की मैल, दशांश आहे का, दहाच्या पटीत मागतोय का, हे पाहा. इथे एक शून्य जास्त पडलं तर ते परत घेता येत नाही.

याच वेळी कुणीतरी विचारतं, 'थोडे कमी टाकू का?' उत्तर स्पष्ट नाही असंच द्या. युरोपीय संघाच्या २०१४ च्या वाहन तपासणीच्या निर्देशात किलोमीटर कमी करण्याला शिक्षा ठरवण्याचं बंधन सदस्य देशांवर आहे, आणि इतर अनेक देशांतही तो गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दीड लाख चाललेली गाडी ऐंशी हजारांची समजून पुढचा माणूस टायमिंग बेल्टला हात लावणार नाही, आणि तो बेल्ट रस्त्यात तुटेल.

तपासणी

चावी चालू करा. एअरबॅग, एबीएस, ऑइल, चार्जिंग हे दिवे पेटून ठरल्याप्रमाणे विझले पाहिजेत. जो मुळात पेटलाच नाही त्याचाही शोध घ्या. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मीटरमधल्या चार्जिंगच्या दिव्यातूनच जातो; तो बल्ब नसेल तर अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

मग अंतर मोजा. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड किंवा जीपीएस धरून किमान २० किलोमीटर सरळ रस्त्यावर जा. मीटरने २०.६ दाखवले तर ३ टक्के जास्त. वेगाच्या काट्यावरून मात्र ओडोमीटरची पारख करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली ३९ प्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, जास्त मात्र खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत चालतो. खरा वेग ८० असताना काट्यावर ९२ दिसले तरी ते नियमात बसतं. त्यामुळे काटा थोडा पुढे असणं हा मीटरचा दोष नव्हे.

अंतरात फरक आला तर आधी टायर पाहा. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ असेल तर टायरचा व्यास सुमारे २ टक्क्यांनी वाढतो आणि ओडोमीटर तेवढं कमी मोजतो. टायर मूळ मापाचे असतील तर मीटरच्या कोडिंगमधला टायरचा किंवा पल्सचा (वेगाच्या सेन्सरच्या ठोक्यांचा) आकडा तपासा.

कागद

आकडा जुळला तरी बिलावर या गोष्टी लिहून घ्या: तारीख, चासी नंबर, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, नव्याचा बसवताना आलेला आकडा, त्यात भरलेला आकडा, बदलाचं कारण, काम करणाऱ्याची सही. तीच नोंद सर्व्हिस बुकातही करा. स्थानिक नियमांप्रमाणे वाहन नोंदणी कार्यालयाला कळवावं लागत असेल तर तेही त्याच आठवड्यात उरका.

आकडा जुळवता आलाच नाही तर फरक लिहून ठेवा. मीटरवर १,१२,४३० दिसत असताना खरं रनिंग ८७,२०० होतं, तर फरक २५,२३०. यापुढे मीटरवरच्या आकड्यातून तेवढे वजा केले की खरं रनिंग. अमेरिकेच्या संघीय कायद्याची रीत अशी, की दुरुस्तीनंतर आकडा पूर्वीसारखा ठेवता येत नसेल तर ओडोमीटर शून्यावर आणायचा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा आणि तारीख लिहिलेली पट्टी लावायची. तुमच्याकडे तशी सक्ती नसली तरी दाराच्या चौकटीवरची पट्टी गाडीबरोबरच राहते, कागद मात्र हरवतात. ती जरूर लावा.

जुनं मीटर भंगारात देऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर तारीख आणि चासी नंबर लिहून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा बिलासोबत ते नव्या मालकाला द्या. त्याआधी, पुढच्या सर्व्हिसला बिल हातात आलं की त्यावरचा किलोमीटरचा आकडा तिथल्या तिथे तपासा. वर्कशॉपच्या संगणकात जुना आकडा राहून गेला असेल तर तो त्याच दिवशी दुरुस्त करून घेता येतो.